पाणी पाराला लागंल का?

'नाथसागरातून गोदावरी पात्रात अमुक इतका विसर्ग सुरू असून नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.' प्रत्येक चांगल्या पावसाळ्यात हे वाक्य आपण ऐकतो. व्याकरणाच्या अंगानं त्यात काही खोट नाही. बातम्यांत येतं, मोबाइलवर येतं, बहुतेक वेळा वेळेवरही येतं. पण ज्याच्यासाठी ते लिहिलेलं असतं त्याला त्यातून नेमकं काय कळतं, यावर आपण फारसं बोलत नाही. मी कवी माणूस. शब्द समोरच्यापर्यंत पोचला की वाटेतच बुडाला, याची चिंता करणं हा माझा धंदा. म्हणून या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

माझं आजोळ घनसावंगी तालुक्यातलं, गोदाकाठचं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसानं हाहाकार केला, तेव्हा मी तिथं मामूंकडे होतो. २८ सप्टेंबरला पैठणच्या धरणाचे सगळे सत्तावीस दरवाजे उघडावे लागले आणि विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला. निरोप गावात आला. तलाठ्यानं सरपंचांना फोन केला (तलाठ्याला आता 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं, पण गावाच्या जिभेला ते अजून पेलत नाही), पोरांच्या मोबाइलवर मेसेज फिरला. पारावर बसलेल्या एका म्हातारीनं मला विचारलं, "बाबा, तू पुस्तकं लिवतोस न्हवं, मग सांग. तीन लाख म्हंजी किती? पाणी ह्या पाराला लागंल का न्हाई?" तिला आकड्याशी देणंघेणं नव्हतं. शेळ्यांची दावी सोडायची की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं.

आधी आकड्याचं पाहू. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी. लिटरमध्ये सांगायचं तर अठ्ठावीस लिटरच्या थोडं वर, साधारण दोन घागरी. तीन लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास ८५ लाख लिटर. आपण जालनेकर. पाण्याचं माप आपल्याला टँकरमध्येच समजतं. दहा हजार लिटरचा टँकर धरा. 'एक' म्हणेपर्यंत असे साडेआठशे टँकर तुमच्या समोरून गेले, 'दोन' म्हणेपर्यंत आणखी साडेआठशे. हा ओघ चोवीस तास टिकला तर सुमारे २६ टीएमसी पाणी वाहून जातं. नाथसागराची एकूण साठवण १०२ टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे अख्ख्या धरणाचा पाव हिस्सा एका दिवसात गावाच्या पुढून निघून गेला.

एवढं समजावून सांगितलं तरी म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. कारण क्युसेक ओघ सांगतो, उंची सांगत नाही. पात्र रुंद असेल तिथं पाणी पसरतं, अरुंद असेल तिथं चढतं. वळण, पुलाचे खांब, पात्रात माजलेल्या बाभळी, सगळ्यांचा परिणाम होतो. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे आहेत. त्यांचे दरवाजे पूर येण्याआधीच वर उचलावे लागतात, नाहीतर बंधाऱ्याच्या मागं पाणी तुंबून वरच्या गावांत शिरतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे फुगवटा. नदी तुडुंब असली की तिला मिळणाऱ्या ओढ्याचं पाणी नदीत शिरू शकत नाही, ते उलटं मागं सरकतं. गोदाकाठच्या कितीतरी गावांच्या पुढं नदी आणि मागं ओढा आहे. माणसं पुढच्या घाटावर उभी राहून नदी पाहतात आणि पाणी मागच्या ओढ्यातून येऊन गावाचा रस्ता तोडतं. हे गावातल्या जुन्या माणसाला ठाऊक असतं, आकड्यात ते नसतं.

याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिकला, हा प्रश्न लोकांनी फार सुंदर सोडवलाय. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं हे नाशिककर ऐकतो खरं, पण त्याला कळतं ते 'मारुतीच्या गुडघ्याला लागलं', 'कमरेला लागलं', 'गळ्याशी आलं' यातून. कंबर म्हणजे कुठली दुकानं आवरायची, गळा म्हणजे कुठल्या गल्लीतून निघायचं, हे तिथल्या माणसाला पाठ असतं. कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत सांगतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात तिथलं शाळकरी पोरही 'आज किती फूट?' असं विचारतं. पाण्याची एक ठरलेली खूण आणि त्या खुणेचा गावानं ठरवलेला अर्थ, या दोन गोष्टी जुळल्या की इशारा हा खरोखर इशारा होतो.

आमच्याकडे खुणा नाहीत असं नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये नाथसागरातून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं होतं. त्या पाण्याच्या खुणा माणसांच्या डोक्यात पक्क्या आहेत. कुणी देवळाची पायरी दाखवतं, कुणी मशिदीच्या वजूखान्याची भिंत, कुणी चिंचेचं खोड. त्या रात्री मामूंनी म्हातारीला जे सांगितलं ते एवढंच: "मावशी, दोन हजार सहाच्या वर येणार." ती एक शब्द न बोलता उठली आणि शेळ्या घेऊन माळाकडे निघाली. पण मामूंना २००६ आठवत होतं म्हणून हे जमलं. ज्या घरात नवी सून आली आहे, जो सालदार दुसऱ्या तालुक्यातून आलाय, ज्या पालावर वीटभट्टीची माणसं उतरली आहेत, त्यांच्याजवळ ही आठवण कुठून असणार? ती भिंतीवर रंगवून ठेवावी लागते. रंगाचा एक डबा आणि एक ब्रश, याहून अधिक खर्च नाही. वर्ष लिहायचं, रेघ मारायची, शेजारी धरणातून तेव्हा किती पाणी सुटलं होतं तो आकडा घालायचा. जपानमध्ये आनेयोशी नावाच्या खेड्यात १९३३ च्या त्सुनामीनंतर लोकांनी एक शिळा उभी केली, हिच्या खाली घरं बांधू नका असं तिच्यावर कोरलं. २०११ ची प्रचंड लाट त्या शिळेच्या खालीच थांबली. वर घरं होती, ती वाचली.

आता सरकारी बाजू. ती वाटते तितकी रिकामी नाही, हे आधी सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रानं जिल्हावार आपत्ती आराखडे करायला घेतले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्या जिल्ह्यात सरासरीनं वर्षभरातही एवढा पडत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेनं आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, लोकनियुक्त प्रतिनिधी सहअध्यक्ष, सोबत पोलीस अधीक्षक, मुख्य कार्यकारी अधिकारी वगैरे. जिल्ह्याचा आराखडा तयार ठेवायचा आणि तो दरवर्षी तपासून सुधारायचा, असं कायदाच सांगतो. पावसाळ्याआधी बैठक होते. बोटी किती, जीवरक्षक जॅकेट किती, पोहणारे कोण, कुठली शाळा निवाऱ्याला घ्यायची, जेसीबी कुणाकडे आहे, याच्या याद्या होतात. नियंत्रण कक्ष रात्रंदिवस चालतो. जिल्ह्याचा क्रमांक १०७७, राज्याचा १०७०. २०२५ च्या पुरात गोदाकाठची हजारो माणसं पाणी चढण्याच्या आत हलवली गेली, हेही खरं आहे.

मग गाठ सुटते कुठं? निरोप धरणावरून निघतो, जिल्हाधिकारी कार्यालय, तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील, सरपंच असा उतरत येतो. इथपर्यंत आता काही मिनिटांचं काम आहे. पुढचे दोन किलोमीटर अवघड. गावठाणात निरोप पोचतो, शिवारातल्या आखाड्यावर पोचत नाही. तिथं एक जोडपं, दोन म्हशी आणि बंद पडलेला मोबाइल असतो, कारण वीज दुपारपासून गेलेली असते. पूर्वी कोतवाल दवंडी देत फिरायचा. आता तो तहसीलच्या कामात अडकलेला आणि हलगी खुंटीला. बांगलादेशानं हे शेवटचे दोन किलोमीटर फार गांभीर्यानं घेतले. १९७० च्या भोला वादळात तिथं लाखो माणसं गेली. त्यानंतर त्यांनी गावोगाव स्वयंसेवक नेमले, हातात भोंगा आणि झेंडा दिला आणि कोणी कोणत्या घरी जायचं हे वाटून दिलं. तो देश काही श्रीमंत नव्हता. आज तिथं वादळं येतात, पण माणसं त्या संख्येनं मरत नाहीत. आपल्याकडेही केंद्रानं साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख 'आपदा मित्र' तयार करण्याची योजना काढली. चांगली योजना आहे. फक्त आपल्या गावात आपदा मित्र कोण, हे गावाला ठाऊक असलं पाहिजे.

माणसं निघत का नाहीत, हाही विचार करायला हवा. बाहेरून पाहणारा म्हणतो, अडाणी आहेत, हट्टी आहेत. तसं नसतं. शाळेच्या खोलीत माणसांची सोय असते, म्हशीची नसते. जनावर दाव्याला बांधलेलं ठेवून शेतकरी निघणार नाही आणि आपण त्याला दोषही देऊ शकत नाही. ज्या आराखड्यात गुरांसाठी उंचावरची जागा आणि चारा लिहिलेला नाही, तो अर्धा आराखडा. बायकांसाठी वेगळी न्हाणी-संडास नाही, म्हणून तरण्याताठ्या लेकींना घेऊन शाळेत जायला आया का कू करतात, हेही मी पाहिलंय.

एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. लोक विचारतात, धरण काठोकाठ भरेपर्यंत वाट का पाहतात, आधीपासून थोडं थोडं का सोडत नाहीत? प्रश्न रास्त आहे. कुठल्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं याचं ठरलेलं वेळापत्रक असतं, त्याला परिचालन सूची म्हणतात. ती काटेकोर पाळली तर पुराची धार कमी होते. पण आपण दुष्काळाचे पोळलेले. २०१३ च्या उन्हाळ्यात घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला होता आणि जालना शहर टँकरवर जगत होतं, मोसंबीच्या बागा सरपणाच्या भावानं तुटत होत्या. ऑगस्टच्या मध्यात पैठणचं पाणी सोडून दिलं आणि पुढं पाऊस आलाच नाही, तर तो निर्णय घेणाऱ्या अभियंत्याला आपणच फाडून खाऊ. वरच्या अंगाला नाशिक, अहिल्यानगरची धरणं भरलेली, खाली आपण तहानलेले, आणि मधे हवामानाचा अंदाज. माझ्या मते उत्तर एकच दिसतं. धरण भरत आल्याच्या दिवसांत पाणी सोडण्याचा निर्णय कशाच्या आधारावर झाला, हे रोजच्या रोज साध्या मराठीत लोकांपुढं मांडावं. कारण समजलं तर माणूस नुकसानही सोसतो.

पण गोदावरीवरच सगळं लक्ष राहिलं की एक चूक होते. जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि गोदावरी त्यातल्या तीनच तालुक्यांना शिवते. भोकरदन-जाफराबादला पूर्णा आणि केळना, बदनापूर-जालन्याला दुधना, शहरातून कुंडलिका आणि सीना. यांच्या वर सत्तावीस दरवाज्यांचं धरण नाही, म्हणून निरोपही नाही. तासाभरात ढग रिकामा होतो आणि ओढा पुलावरून वाहायला लागतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण मापक असतो एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्याच शिवारात. नळकांडी पुलावरून वाहतं पाणी ओलांडताना जे जीव जातात ते या ओढ्यांवर. गुडघ्याच्याही खालचं वेगाचं पाणी माणसाचा तोल घालवतं आणि दोन फूट पाणी मोटारगाडी उचलून नेतं. दहा मिनिटांच्या घाईसाठी हे होतं. पुलाच्या दोन्ही टोकांना साखळी लावायची आणि पाणी उतरेपर्यंत दोन माणसं बसवायची, याला कुठला निधी लागतो?

पाझर तलावांचंही तसंच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. गळती होतेय हे गावकऱ्यांनी आधी कळवलं होतं. पुढं दोष खेकड्यांवर ढकलला गेला. खेकड्यांना प्रेस नोट काढता येत नाही, म्हणून ते खपून गेलं. त्याच महिन्यात आपल्या भोकरदन तालुक्यात शेलूदजवळच्या धामणा धरणाला गळती लागली आणि खालच्या गावांची झोप उडाली. तलावाखाली राहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भरावाच्या पायथ्याशी स्वच्छ पाणी पाझरत असेल तर कळवा आणि लक्ष ठेवा. पाणी गढूळ झालं, म्हणजे माती घेऊन येऊ लागलं, तर भराव आतून पोखरला जातोय. तेव्हा अर्ज लिहीत बसू नका, आधी गाव हलवा. आणि जास्त पाणी साठावं म्हणून सांडव्यावर दगडमाती रचण्याचा उद्योग कुणी करत असेल तर त्याला हात धरून थांबवा. सांडवा बंद झाला की पाणी भरावावरून जातं, आणि मातीचा भराव ते सोसत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी पूररेषेचं सांगतो. निळी रेषा म्हणजे सरासरीनं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधे अटी घालून परवानगी. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी मोठा घोटाळा केलाय. लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही. तसं नाही. प्रत्येक वर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ. तुम्ही तीस वर्षांच्या कर्जावर लाल रेषेवर घर घेतलंत, तर फेडून होईतो तो पूर पाहण्याची शक्यता चारात एक इतकी आहे. २०२३ साली जालन्याची महानगरपालिका झाली. प्लॉट घेताना आपण सातबारा पाहतो, रस्ता किती फुटांचा ते पाहतो, वास्तू पाहतो. ही जागा पूररेषेच्या कुठल्या बाजूला, एवढं कागदावर लिहून मागितलं तर कुंडलिकेच्या काठावरच्या पुष्कळ सौद्यांचा रंग बदलेल. गरिबाला अर्थात निवड नसते. नाल्याच्या कडेची जागा फुकट असते म्हणून तो तिथं राहतो. त्याला 'अतिक्रमण' म्हणणं सोपं, पण आराखड्यात त्याच्या वस्तीचं नाव सगळ्यात वर असायला हवं.

माझी अम्मी नदी ओलांडताना ख्वाजा खिज्रचं नाव घ्यायची. शेजारच्या काकू पहिल्या पुराला खणानारळानं गोदावरीची ओटी भरायच्या. दोघींनाही पाण्याचा धाक होता आणि दोघीही घाटाच्या कुठल्या पायरीखाली पोरांना जाऊ द्यायचं नाही याबाबत कडक होत्या. दोघींचा धाक श्रद्धेतून आला होता की अनुभवातून, हे मी कधी विचारलं नाही.

१ मे रोजी आपल्या जिल्ह्याचा वाढदिवस असतो. १९८१ साली याच दिवशी जालना जिल्हा झाला. त्याच दिवशी गावोगाव ग्रामसभा भरते आणि पावसाळा महिन्यावर आलेला असतो. त्या सभेत गावाचा आराखडा मोठ्यानं वाचून दाखवावा, अशी माझी सूचना आहे. नुसता 'मंजूर' म्हणून पुढं जाऊ नये. कुठल्या आखाड्यावर कोण जाणार, त्याचं नाव आणि फोन. अंथरुणाला खिळलेले, पोटुशा बायका, एकट्या म्हाताऱ्या कोणत्या घरात, आणि त्यांना कोण उचलणार. रात्री वीज नसताना मंदिराचा किंवा मशिदीचा भोंगा बॅटरीवर चालतो का, ते त्याच दिवशी चालवून पाहावं. आधार कार्ड, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवी दाराच्या मागच्या खिळ्याला. जनावरांची दावी सुटतील अशा गाठीची. माळवदाची घरं असतील तर पाऊस थांबून ऊन पडल्यावरही दोन दिवस भिंतीलगत झोपू नये, भिजलेली भिंत पुष्कळदा उन्हातच बसते. आणि घरात सेलवर चालणारा एक रेडिओ. हे मी रेडिओवर बोलतोय म्हणून सांगत नाही. मोबाइलचा मनोरा बंद पडला त्या रात्री मामूंच्या घरात बातमी देणारी तेवढीच एक वस्तू चालू होती, आणि तिचे सेल बॅटरीतून काढून घातलेले होते.